पंच्यातून गाळलेला उजेड

२१ मे. रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, फोडायचे होते. चार टोपल्या पडवीत येऊन पडल्या होत्या आणि सगळ्यांत खालच्या टोपलीला आंबूस वास सुटला होता, म्हणजे काम उद्यावर ढकलता येणार नव्हतं. मी आणि माझी थोरली जाऊ सकाळी सातलाच पाटावर बसलो. फळ दोन बोटांनी दाबून फोडायचं, बी आणि गर एका पातेल्यात, साल दुसऱ्यात. सालं उन्हात टाकायची, रस मीठ घालून ठेवायचा, आणि रोज त्या रसात बुडवून सालं पुन्हा वाळवायची. आठ दिवसांत वर्षाची सोलं तयार होतात. हात मात्र दोन दिवस तांबडे राहतात. बाजारात भेटलेली कॉलेजची मुलं विचारतात, मॅडम, प्रयोगात काही सांडलं का?

मी मालवणजवळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तेवीस वर्षं झाली. त्या वर्षी रातांब्याच्या सालांना घराबाहेरचीही एक वाटेकरीण होती. माझी विद्यार्थिनी. एमएस्सी झाली होती आणि दोन वर्षं माझ्याबरोबर त्याच सालांवर काम करत होती. तिचे वडील पर्यटकांना किल्ल्यावर नेणारी होडी चालवतात, आई बाजारात मासे विकते. मुलगी हुशार, हाताने नीटस, आणि फटकळ.

काम काय होतं ते सांगते. कोळशाचे फार बारीक कण असतात, इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाहीत. त्यांच्यावर अतिनील प्रकाश टाकला की ते स्वतः चमकतात. हे कण पेशीत गेले, तर पेशीचं चित्र उजेडात काढता येतं. डॉक्टर लोक पुढे त्यातून रोग शोधतील अशी आशा आहे. ह्या कामासाठी पूर्वी वापरायचे ते चमकणारे कण विषारी धातूंचे. कोळशाचे कणही बरेचदा तीव्र आम्लात बनवतात आणि मग ते आम्ल कुठे ओतायचं हा प्रश्न उरतो. आम्ही साल आणि पाणी एवढंच घेत होतो. ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात भरून भट्टीत १८० अंशावर सहा तास ठेवायचं. कुकरच, फक्त शिट्टी नसलेला. उघडलं की आत तपकिरी पाणी आणि तळाला काळा गाळ. पाणी गाळून घ्यायचं. त्या पाण्यावर अतिनील प्रकाशाची टॉर्च मारली की ते निळं पेटायचं.

आणि अगदी झकास पेटायचं. कांद्याचा पातळ पापुद्रा त्यात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की प्रत्येक पेशीची भिंत निळ्या रेघेने आखल्यासारखी दिसायची. पावावरच्या बुरशीचीही तशीच चित्रं आली. त्यांचं एक पोस्टर करून आम्ही एका परिषदेत नेलं, मुलीचं नाव पहिलं, माझं दुसरं. परीक्षक म्हणाले, यंत्र नाही, घातक रसायन नाही, सगळं गावातलं, असंच काम व्हायला हवं. सारांश परिषदेच्या संकेतस्थळावर लागला. त्याच्या जोरावर मुलीने पुण्याच्या एका संस्थेत अर्ज केला. तिथे पेशींची अशी चित्रं घेणारा एक गट आहे. त्यात संशोधनाला एक जागा निघाली होती. अशी जागा दर वर्षी निघत नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं होतं आणि मुलाखत नऊ दिवसांवर होती.

तर २१ मेला दहाच्या सुमाराला ती ताजी सालं न्यायला आली. मुलाखतीला नेण्यासाठी एक ताजी बाटली बनवायची होती. खिशात टॉर्च आणि जुनी बाटली होतीच.

माझ्या जावेने तिला पाटावरूनच विचारलं, "काय गो, दोन वर्सा आमची सोलां नेतंस. केलंस तरी काय तेचा?"

"औषध नाय काकी. उजेड केलंय."

"उजेड? मगे लाईट जाता तेवा खंय आसतंस?"

मुलगी हसली. "येवा, दाखवतंय."

घरात कोठीच्या खोलीला खिडकी नाही. दार लावलं की भर दुपारीही काळोख. आम्ही तिघी आत शिरलो. मुलीने बाटली तांदळाच्या डब्यावर ठेवली आणि टॉर्च मारली. बाटली निळी झाली. जाऊ थोडा वेळ बघत राहिली. मग मुलीचा हात हलला, टॉर्चचा झोत दांडीवर गेला आणि तिथे वाळत टाकलेला पंचा अख्खाच्या अख्खा पेटला. तोच निळा.

"अगो बाय माझे!" जाऊ ओरडली. "पंचो बघ कसो पेटलो! तुमच्या बाटलेपेक्षा माझो पंचो बरो."

"काकी, ती धुण्याच्या पावडरीची करामत," मुलगी म्हणाली. "कपडे पांढरे दिसूक तेच्यात कायतरी घालतत."

"मगे दोन वर्सा भट्टी कित्याक पेटवलंस? पंचो धुवन पाणी दी त्यांका."

दोघी मोठ्याने हसल्या. मी हसले नाही. मला त्या क्षणी कळलं होतं, आणि कळल्यावर ते परत न कळल्यासारखं करता येत नाही.

कारण गाळायला पंचा मीच दिला होता.

त्याचं असं झालं. रातांब्याच्या सालात चिकट अंश फार. भट्टीतून काढलेलं पाणी गाळणकागदावर ओतलं की पाच मिनिटांत कागद तुंबायचा. गाळ खाली बसवायचं गरगर फिरणारं यंत्र बिघडून कोल्हापूरला गेलं होतं आणि आठ महिने झाले तरी परत आलं नव्हतं. नवीन कागद मागवायचे तर तीन सह्या लागायच्या. मी मुलीला म्हटलं, आपण सोलकढीला नारळाचा रस कशातून पिळतो? पंच्यातून. मग हेही त्यातूनच काढ. दुसऱ्या दिवशी घरून अर्धा पंचा फाडून आणला. पाणी दोन मिनिटांत गळलं. मला माझ्याच अकलेचं कौतुक वाटलं. मुलगी शिस्तीची. प्रत्येक वेळी पंचा घरी न्यायची, पावडरीत भिजवून स्वच्छ धुवायची, इस्त्री करून आणायची. म्हणजे दर खेपेला त्यात ताजी पावडर भरली जात होती आणि गरम आंबट पाणी ती काढून घेत होतं.

मुलगी सालं घेऊन गेली. जाऊ म्हणाली, "काय झाला? तोंड कित्याक उतारला?"

मी तिला चार वाक्यांत सांगितलं. तिने हातातला रातांबा फोडला, बी पातेल्यात टाकली.

"खात्री आसा?"

"अजून नाही. दुपारी कॉलेजात जाऊन बघते."

"आणि तसाच निघाला तर?"

"तर तिला सांगावं लागेल."

"पंचो माझो, अक्कल तुझी, आणि शिक्षा त्या पोरीक," जाऊ म्हणाली. मग दोघी फोडत राहिलो. टोपल्या संपवल्या. अर्धवट टाकून उठण्यात अर्थ नव्हता.

मे महिन्यात कॉलेजात चिटपाखरू नसतं. चावी माझ्याकडे होती. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे काळे पडदे लावलेली एक खोली आहे, तिथे तपासणी केली. पंचा पाण्यात घालून गरम केला. साल नाही, भट्टी नाही, काही नाही. नुसतं पाणी. टॉर्च मारली. निळं. मग कांद्याचा पापुद्रा त्या पाण्यात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. प्रत्येक पेशीची भिंत निळ्या रेघेने आखलेली. आमच्या पोस्टरवरचंच चित्र.

यात आश्चर्य काहीच नव्हतं. पावडरीतला तो पदार्थ कापसाला चिकटावा म्हणूनच घातलेला असतो आणि कांद्याच्या पेशीची भिंत ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याचा कापूस. हे मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून देते. दुसरी एक खूणही पहिल्या दिवसापासून समोर होती. असल्या कणांवर पडणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलला, की त्यांच्या उजेडाचाही रंग बहुधा सरकतो. आमच्या पाण्याचा सरकत नव्हता. आम्ही पोस्टरवर लिहिलं होतं, "रंग अत्यंत स्थिर". गुण म्हणून. कोरं पाणी आम्ही तपासलं होतं, सालाचा कच्चा रसही तपासला होता. पण ते कापडातून गाळून तपासायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. दोन वर्षं आम्ही धुण्याच्या पावडरीचे फोटो काढत होतो.

तरी पूर्ण खात्री करायला हवी होती. दोन दिवस मी एकटीने काम केलं. मुलीला सांगितलं, भट्टी मी बघते, तू मुलाखतीचा अभ्यास कर. भांडी साबणाशिवाय, उकळत्या पाण्याने धुतली. उरलेसुरले गाळणकागद कपाटातून शोधून काढले. पहिल्या कागदातून थेंब थेंब गळायला सगळा दिवस गेला. ते पाणी काळोखात नेलं. सुरुवातीला काहीच दिसलं नाही. डोळे सरावल्यावर एक मंद, पिवळट हिरवा उजेड दिसला. म्हणजे कण होते. रातांब्यात ते होतेच. पण त्या उजेडात कांद्याची एकही रेघ दिसेना. चित्र काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

२४ तारखेला मुलीला बोलावलं. टेबलावर तीन बाटल्या ठेवल्या होत्या: जुनी, पंचा उकळलेली, आणि कागदातून गाळलेली. पडदा ओढला, टॉर्च तिच्या हातात दिली आणि कशात काय आहे ते सांगितलं. प्रस्तावना केली नाही. असल्या वेळी प्रस्तावना केली की समोरच्याला वाईट बातमी दोनदा ऐकावी लागते.

तिने तिन्ही बाटल्यांवर टॉर्च मारली. मग तिसरीवर पुन्हा, बराच वेळ.

"कधी कळलं तुम्हाला?" कॉलेजात ती नेहमी शुद्ध बोलायची.

"तीन दिवसांपूर्वी. तुमचं हसणं चाललं होतं तेव्हा."

"मगे तेवाच माका कित्याक सांगूक नाय?"

"खात्री करत होते."

"खात्री." तिने टॉर्च बंद केली. काळोखात तिचा फक्त आवाज. "मी तुमका इचारलेलंय मॅडम. कापड चलात काय, म्हणान. वहीत लिवलेला आसा. तुमी म्हणालात, पाणी आणि साल, तेच्यात कापडाचा काय मोठा."

"हो. म्हटलं होतं."

"पंचो तुमीच दिलात."

"हो."

मी वाद घालेन अशी तिची अपेक्षा असावी. पडदा उघडला तेव्हा तिचे डोळे कोरडे होते, चेहरा मात्र रागाने तांबडा झाला होता. खिडकीबाहेर रिकामं मैदान, आणि त्यावर एक गाय.

"सांगूक नाय तर?" ती म्हणाली. "चित्रां आसत. सारांश छापलेलो आसा. मी तीच चित्रां दाखवलंय आणि कोणी काय इचारलाच नाय तर?"

"ते सगळे हेच काम करणारे आहेत. रंग का सरकत नाही हे पहिल्या पाच मिनिटांत विचारतील."

"आणि नायच इचारला तर?"

"तर तुला घेतील. पहिल्या महिन्यात सांगतील, तुझी ती बाटली इथे बनवून दाखव. त्यांच्याकडे पंचा नसेल."

ती खुर्चीवर बसली. "तुमका सांगणा सोपा आसा मॅडम. तुमची नोकरी पर्मनंट आसा."

ती म्हणाली ते खरंच होतं. चूक माझी होती आणि त्यामुळे माझा महिन्याचा पगार थांबणार नव्हता, वर्ग थांबणार नव्हते. तिचं मात्र दोन वर्षांचं काम गेलं होतं आणि ज्या एका दारावर ती उभी होती ते सहा दिवसांवर आलं होतं.

शेवटी तीच म्हणाली, "मुलाखतीत सगळा सांगतलंय मी. खोटा बोलान थय बसूक माका जमाचा नाय. पण सांगूचा कसा, तां तुमी शिकवा."

तीन दिवस आम्ही तेच केलं. जुनी चित्रं ठेवली, पण शीर्षक बदललं. काय समजलो, कुठे फसलो, कसं सापडलं, खरं काय उरलं. तिने तिन्ही बाटल्यांचे आलेख शेजारी शेजारी लावले. खरं सांगायचं तर पहिल्या पोस्टरपेक्षा हे काम चांगलं होतं. मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "चांगलं असून काय उपयोग, निळं दिसत नाही." जाताना तिने विचारलं, "परिषदेच्या संकेतस्थळावरचा सारांश?"

"त्याचं मी बघते. आजच कळवते त्यांना, मागे घ्या म्हणून."

"नक्की ना?"

"नक्की."

त्याच दुपारी मी पत्राचा मसुदा घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. ते जावयाच्या बागेतले देवगडचे आंबे पेपरात गुंडाळत होते. पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला.

"बाई, जूनच्या पहिल्या आठवड्यात मूल्यांकन समिती येते आहे. आपल्या अहवालात संशोधनाच्या पानावर एवढं एकच तर पोस्टर आहे. समिती येऊन जाऊ दे. मग पाठवा. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न."

"मुलीची मुलाखत तीस तारखेला आहे."

"ती तिथे तोंडाने सांगणारच आहे ना? मग झालं. कागदाची घाई कशाला?"

ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी दमही दिला नाही. माझ्या नावाचा मेल पाठवायला मला त्यांची परवानगी लागतही नव्हती. पण आठ-दहा दिवस हे मला तेव्हा रास्त वाटलं. एवढी मोठी गोष्ट मुलीला सांगून टाकली, म्हणजे अवघड भाग संपला, असं काहीतरी मनात होतं. मी "बरं" म्हटलं. त्यांनी मला दोन आंबे दिले. मी ते घेतले.

मुलीला हे कळवलं नाही. मुलाखतीच्या तोंडावर तिच्या डोक्याला आणखी एक घोर कशाला, असा विचार केला. म्हणजे तेव्हा त्या विचाराला तसं नाव दिलं.

ती २९ ला कुडाळहून पुण्याला गेली. ३१ ला यादी लागली. मी ती घरी संगणकावर पाहिली. एकच नाव, ते तिचं नव्हतं. मला फार धक्का बसला नाही. निळा उजेड नसताना ती निवडली जाणं कठीणच होतं, असं मी जावेलाही सांगितलं. जाऊ सोलं उलटत होती. म्हणाली, "तू आधीच हिशोब करून ठेवतंस. माणसाक जरा रडाक तरी दी."

२ जूनला दुपारी मुलगी कॉलेजात आली. तिच्याकडे प्रयोगशाळेची एक चावी होती ती द्यायला. मी तिला बस म्हटलं. ती उभीच राहिली, पण बोलली. सावकाश, शुद्ध मराठीत. त्यावरूनच मला समजायला हवं होतं.

"सगळं सांगितलं मी. पंच्यासकट. हसले ते, पण वाईट नाही. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, आमच्याकडेही एकदा हातमोज्यांमुळे असंच झालं होतं. तिसरी बाटली त्यांनी हातात घेऊन बघितली. चांगले प्रश्न विचारले. मला वाटलं, होतंय."

"मग?"

"एक सर लॅपटॉपवर काहीतरी बघत होते. म्हणाले, हा सारांश तर अजून आहे इथे, तुमच्या नावाने. मागे घेतला नाहीत? मी म्हटलं, घेतला, मॅडमनी मागच्याच आठवड्यात कळवलंय. ते म्हणाले, कोणत्या तारखेला? मी तारीख सांगितली. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्या पानावर तशी कसली नोंद नव्हती. बाजूला आयोजकांचा फोन नंबर होता. सर म्हणाले, आयोजक माझे मित्रच आहेत, आणि तिथेच फोन लावला. बोलणं झाल्यावर मला म्हणाले, त्यांच्याकडे असं काही आलेलं नाही."

पंखा फिरत होता. तिने चावी टेबलावर ठेवली.

"त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. त्या बाईंनी बाटली खाली ठेवली. थँक यू म्हणाल्या."

मी चावी उचलली.

"कळवलात तुमी?"

"नाही."

"कित्याक?"

"समिती येणार आहे. प्राचार्य म्हणाले की..." मी तिथेच थांबले. वाक्य पुढे नेण्यासारखं नव्हतं.

"समिती," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मी लिहिणार नाही, कारण त्याने तिचं काही बरं झालं नसतं. "मी थय खोटी ठरलंय मॅडम. आणि पंच्यामुळे नाय."

"तू आता काय करणार आहेस?"

"काजूच्या कारखान्यात तपासणीला माणूस हवं आहे. सोमवारपासून जायचंय. ओलावा मोजायचा." तिने पिशवी खांद्याला लावली. "वह्या तुमच्या कपाटातच आहेत. मला नकोत."

"पुढच्या वेळी जागा निघेल तेव्हा..."

"नको मॅडम," ती म्हणाली. "आता काय सांगू नकात."

ती गेली. व्हरांड्यातून तिच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला. मी संध्याकाळी पाचपर्यंत तिथेच बसले होते. करण्यासारखं काम नव्हतं असं नाही. समितीसाठी रसायनांच्या बाटल्यांना नवीन लेबलं लावायची होती. तीही लावली नाहीत.

घरी आल्यावर जावेने विचारलं नाही, म्हणजे तोंडावरून तिला कळलं असावं. जेवताना मीच सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "तुका कोणी बांधून ठेयलेला?"

कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी संगणक उघडला. आधीचा मसुदा समोर होता, तो पुसून टाकला, कारण त्यात "काही तांत्रिक त्रुटींमुळे" असे शब्द होते. नवीन लिहिला. गाळायला मी दिलेला पंचा, त्यातली पावडर, चित्रं त्या पावडरीची, सारांश मागे घ्यावा. कापडाबद्दल विद्यार्थिनीने शंका घेतली होती आणि ती मी उडवून लावली, हेही. परिषदेला पाठवला. मग पुण्याच्या संस्थेला वेगळा लिहिला. त्या मुलीने तुम्हाला खोटं सांगितलं नाही. मी कळवते असं तिला सांगितलं होतं आणि कळवलं नाही. ती मला विश्वासार्ह समजली. निवड झाली आहे हे मला माहीत आहे, त्यात बदल मागत नाही, ही नोंद तिच्या नावापुढे राहावी एवढंच. पाठवायच्या आधी तो एकदाच वाचला. दोन्हींची प्रत मुलीला पाठवली, वर काहीही न लिहिता.

आठ वाजता दोन्ही पत्रं छापून घेतली आणि कॉलेजात गेले. समिती दुसऱ्या दिवशी येणार होती. शिपाई फाटकाला रंग देत होता. प्राचार्य साडेदहाला येतात. मी त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर कागद घेऊन बसले.